ज्याचं त्याचं पान

फोन बंद करायचा हे दादाने ठरवूनच टाकले होते. आईला सांगायचे तेवढे बाकी होते, आणि ते एकट्याने सांगण्याची छाती नव्हती, म्हणून त्याने रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावले.

अक्का आधी आली. रुग्णालयातली पाळी संपवून ती तशीच निघाली होती, पायांत अजून पांढरे बूट होते. खाली पुस्तकबांधणीच्या दुकानाची एकच फळी उघडी होती आणि आतून खळीचा आंबूस वास येत होता. हा वास नाकात गेला की तिचे वय आपोआप दहा होई. जिना चढताना तिने तिसरी पायरी न बघता ओलांडली. ती पायरी तीस वर्षे हलत होती. बाबांनी हजारो पुस्तकांचे मोडके कणे सरळ केले, पण ही पायरी कधी दुरुस्त केली नाही. पायरी वाजली की परका माणूस आला, नाही वाजली की घरचा, एवढा सोपा हिशेब होता त्यांचा.

वर खोलीच्या कोपऱ्यात फोन आपल्या जागी होता. यंत्र दोनदा बदलले होते, नंबर तोच होता. शेजारी खिळ्याला दोरीने वही टांगलेली होती. फोनला लागून एक खुर्ची ठेवलेली होती, आणि ते मात्र नवीन होते. खुर्चीत आई बसली होती, हातात विणकाम नाही, पुस्तक नाही, एखादा पहारेकरी बसावा तशी.

"जेवलीस का?" आईने विचारले.

"जेवले. तू इथं का बसलीस?"

"फोन येतात ना," आई म्हणाली.

फोन येत होते हे अक्काला वहिनीने कळवले होते. तेरा दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी वहिनीने उचलला, तर पलीकडून एक पुरुष खेकसला की तुमच्या घरातल्या मुलाशी बोलायचे आहे, हप्ते थकलेत, वसुलीसाठी फोन आहे. वहिनीने घाबरून ठेवून दिला. तो पुन्हा वाजला तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, फोन घेतला, सगळे ऐकले, वहीत लिहिले आणि जाहीर केले की यापुढे फोन तीच घेईल, बाकीच्यांनी आपापली कामे करावीत. तेव्हापासून तिची खुर्ची तिथे आली. फोन कोणासाठी होता हे तिला किती वेळा विचारले, पण तिचे उत्तर एकच होते. निरोप वहीत आहे, ज्याचा त्याने वाचावा.

इथे त्या वहीबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण त्या दिवशीचे सगळे त्या वहीवरच फिरले.

गल्लीत पहिला फोन या घरात आला. मग शिंप्याने आपल्या पावतीवर हाच नंबर छापला, शाळेच्या मास्तरांनी अर्जावर हाच लिहिला, समोरच्या भाडेकरूंनी तर आपल्या गावाकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना तो पाठ करून घ्यायला लावला. बाबांनी कोणाला नाही म्हटले नाही. त्यांनी उरलेल्या कागदाची एक वही शिवली, कण्याला कापड लावले आणि प्रत्येक घराला, प्रत्येक माणसाला एकेक पान दिले. पानावर चार रकाने आखलेले होते: कोणाचा, कधी, काय, आणि निरोप कोणी घेतला.

हे चार रकाने भरायला बाबा मुलांना शिकवत. ते आतल्या खोलीत जाऊन बायकी आवाज काढत आणि म्हणत, "शिंप्याला सांगा, मावशी मंगळवारी येत नाही, बुधवारी येते." बाहेर तिन्ही भावंडे पाट्या घेऊन बसलेली असत. धाकट्याने एकदा लिहिले, मावशी बुधवारी येते. बाबा बाहेर आले, त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि विचारले, "मंगळवार कुठं गेला रे? शिंपी मंगळवारी दिवसभर दुकान उघडं ठेवून वाट बघत बसला, तर त्याला जेवायला कोण बोलावणार, तू?" धाकटा हसला, आणि पुन्हा कधी चुकला नाही. मुलांना चूक दाखवावी ती अशी, की चुकीपलीकडे बसलेला माणूस त्यांना दिसला पाहिजे.

दुसरा नियम त्याहून कडक होता. दुसऱ्याचे पान उलटायचे नाही. बाबा म्हणत, दुसऱ्याचं पान वाचणं म्हणजे त्याच्या मोरीच्या खिडकीतून आत बघणं. आणि निरोप तोंडी सांगत सुटायचे नाही. चारचौघांत शिंप्याला सांगितले की तुझी मावशी रुसली आहे, तर मावशीपेक्षा शिंपीच जास्त रुसेल.

गल्लीत मोबाईल आले, तशी पाने कमी होत गेली. बाबा गेले तेव्हा तेहतिसावी वही चालू होती. चौतिसावी दादाने बांधली, आईला दिली, आणि नंतर ती उघडून पाहायचे कोणाच्या ध्यानातच राहिले नाही.

धाकट्याला सगळे फोटू म्हणत. लहानपणी रिकाम्या पेटीला भोक पाडून तो घरभर फोटो काढत फिरे, तेव्हापासूनचे ते नाव. मोठेपणी त्याने खराच स्टुडिओ काढला आणि तो दोन वर्षांत बसला. आता तो झेरॉक्सच्या दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढत असे.

तो त्या दुपारी उशिरा आला आणि सरळ वर न जाता दुकानात शिरला. बाबांचे लाकडी दाबयंत्र, दाभणे, दोऱ्याची रिळे जिथल्या तिथे होती. मागच्या भिंतीला लागून, जुन्या चादरीखाली काहीतरी मोठे होते. त्याने चादरीचा कोपरा उचलला. गेल्या वर्षी दादाने घेतलेले कागद कापायचे यंत्र. घेतले त्या दिवशी दादाने त्याला मुद्दाम बोलावून यंत्राचा फोटो काढून घेतला होता, आणि म्हणाला होता की आता ग्रंथालयांचे मोठे काम येणार, हाताने कापून भागायचे नाही. पात्यावर आता धूळ होती. ग्रंथालयांचे काम दुसरीकडे गेल्याचे फोटूने झेरॉक्सच्या दुकानात उडत उडत ऐकले होते. एवढे यंत्र कोणी रोख घेत नाही, हेही त्याला कळत होते.

त्याने चादर होती तशी नीट ओढली. स्टुडिओ बंद झाला त्या दिवशी दिवे, पडदे, तिपाया हातगाडीवर घालून दादा मागच्या रस्त्याने घेऊन आला होता, गल्लीतल्या कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. वाटेत एक शब्दही बोलला नव्हता. दारात पोचल्यावर एवढेच म्हणाला होता, "चहा टाकायला सांगतो." फोटूला ते आत्ता आठवले आणि जिना चढताना त्याचा पाय नेमका तिसऱ्या पायरीवर पडला.

"घरचाच परका झाला," वरून वहिनी म्हणाली.

वहिनी वाईट बाई नव्हती. तिला घाबरायला झाले की ती बोलत सुटे, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या वर्मी बोट लावल्याशिवाय थांबत नसे. तिने सगळ्यांना चहा दिला, फोटूला शेवटी दिला, आणि मग दादाने घसा खाकरून विषय काढला. तो बराच वेळ बोलला. घरात आता या फोनची गरज कोणाला आहे, भाडे फुकट जाते, आईला रात्रंदिवस त्रास, तिचा रक्तदाब, आणि फोनच नसला तर बोंबलणारे बोंबलतील कुठे. अक्का मान डोलवत होती. रक्तदाबाचे नाव निघाले की ती दादाच्या बाजूला जाणार हे ठरलेलेच होते.

"फोन बाबांचा आहे," आई म्हणाली.

"बाबांचा होता, आई."

"नंबर बाबांचाच आहे."

अक्काने समजावले की नंबर कुठे जात नाही, आठवणीत राहील. आईने तिच्याकडे असे पाहिले, की अक्काने नजर दाराशी काढलेल्या आपल्या बुटांवर नेली.

मग वहिनीने ज्याची वाट सगळे बघत होते ते सुरू केले. फोन कोणाचे येतात हे काय सांगायला हवे का, असे तिने खिडकीकडे बघत म्हटले. ज्याने एकदा घराला पाणी पाजले त्यालाच पुन्हा तहान लागणार. शेवटी ती फोटूकडे वळली. "भाऊजी, तुमच्या स्टुडिओचे दिवे विझले, पण बिलं अजून पेटलेलीच दिसतात."

"वहिनी, टोमणा तुम्ही मारायचा आणि चहाबरोबर मी खायचा, एवढंच आता आपलं नातं उरलंय."

"मग सांगा ना, नाहीत म्हणून."

फोटूने दादाकडे पाहिले. दादा कपातली साखर ढवळत होता. ती केव्हाच विरघळली होती.

दादाच्या मनात त्या क्षणी कर्जाचा आकडा नव्हता. त्याला गेल्या वर्षीचे ते कर्जाचे ऑफिस आठवत होते, काचेचे टेबल आणि टेबलावरचा छापील फॉर्म. घरचा दूरध्वनी क्रमांक, असे एका ओळीत लिहिले होते. त्याने विचारही केला नाही. गल्लीतला प्रत्येक माणूस गेली चौतीस वर्षे जो नंबर लिहीत आला, तोच त्याच्या हाताने लिहून टाकला. मग काम गेले, हप्ते चुकले, मोबाईलवर फोन यायला लागले, आणि त्याने मोबाईलचा नंबर बदलला. झाले, सुटलो, असे त्याला वाटले. तीन दिवसांनी वर आईचा फोन वाजला. रोज खाली दुकानात खळ ढवळताना तो वरची घंटा मोजत बसे. वर जाऊन फोन उचलण्याचे धैर्य नव्हते, आणि आईला काही कळले असेल का हे विचारण्याचेही नव्हते. फोनच बंद झाला तर बाबांचे दुकान गहाण पडल्यासारखे झाले आहे हे आईला कधी कळणार नाही, एवढीच त्याची खटपट होती.

आणि आता धाकटा भाऊ समोर बसून त्याच्याकडे बघत होता.

"माझेच फोन आहेत," फोटू म्हणाला.

वहिनीने हात झटकले, बघा, म्हटले होते ना. अक्काने कपाळाला हात लावला आणि त्याला रागवायला सुरुवात केली. किती, कोणाकडून, कशासाठी, आणि बाबांनी एकदा फेडले तेवढ्याने पोट भरले नाही का. दादाने तोंड उघडले आणि मिटले. त्याचे कान लाल झाले होते, पण दादाच्या कानांकडे आईखेरीज कोणाचे लक्ष नव्हते. लहानपणी वही न वाचता शिंप्याकडे जाऊन उगाच काहीतरी सांगून आला होता, तेव्हाही ते असेच लाल झाले होते.

आईने तेरा दिवस वाट पाहिली होती. पहिल्या दिवशी तिला वाटले, संध्याकाळी दादा येईल आणि वाचेल. वहीची दोरी तिने रोज त्याच्याच पानात घालून ठेवली. तो रोज जेवायला वर येई, फोनच्या बाजूने जाई, आणि वहीकडे पाठ करून बसे. तोंडाने सांगणे तिला अवघड नव्हते. पण नवऱ्याने घालून दिलेली रीत होती, आणि रीत कशासाठी आहे हे तिला उमगलेले होते. माणसाने आपले वाईट आधी एकट्याने वाचावे. मग ते चारचौघांत नेण्याचे बळ त्याला येते.

ती उठली, खिळ्यावरची वही काढली आणि फोटूच्या मांडीवर ठेवली.

"आपापलं पान वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं नको. दुसऱ्याचं उलटायचं नाही."

"आई, आता हे काय," अक्का म्हणाली.

"तुझंही पान आहे त्यात."

फोटूने आपले पान काढले. त्यावर एकच निरोप होता, दीड महिन्यापूर्वीचा. शाळेतला बाकावरचा मित्र. सकाळी साडेनऊ. मुलगी झाली. पहिला फोटो तूच काढायचास, तोवर कोणाला काढू देणार नाही. निरोप घेणार, आई. फोटूने तो दोनदा वाचला. वसुलीची एक ओळही त्यावर नव्हती, आणि आपण बोलण्याआधीच आपले खोटे आईने खोडून ठेवले आहे हे त्याला कळले. त्याने वही अक्काकडे सरकवली.

अक्काच्या पानावर बाहेरच्या कोणाचे नावच नव्हते. पहिल्या रकान्यात रेघ, दुसऱ्यात रविवार, तिसऱ्यात आईचे अक्षर: आज अक्काचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी, आला नाही, पाळी असेल. अक्काने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. वहिनीच्या मोबाईलवर कधीतरी बोलू म्हणून ती दर रविवारी टाळत आली होती, आणि आईकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. फोन बंद करण्यावर आपण मान डोलावली हे आठवून तिने वही पटकन मिटली, मग पुन्हा उघडून वहिनीपुढे धरली.

"माझं नंतर वाचते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. तिने वही नवऱ्याला दिली.

दोरी जिथे होती तिथे वही आपोआप उघडली.

सोमवार, दहा वाजून वीस. वसुलीवाले. चार हप्ते थकले, ताबडतोब भरावेत.

सोमवार, दुपारी चार. तेच. मोबाईल का बदलला ते सांगावे.

बुधवार, अकरा. माणसे घरी पाठवू म्हणाले. पाठवा म्हटले, तिसरी पायरी हलते, जपून चढा.

शुक्रवार, साडेदहा. आज नवी मुलगी. निरोप तोच. आवाज बसलेला. दिवसाला दीडशे फोन करावे लागतात म्हणाली. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर म्हटले.

पुढे अजून काही ओळी होत्या, आणि शेवटची कालची होती. शनिवार, बारा. तीच मुलगी. आवाज सुटला आहे. सोमवारी दुपारी बाराच्या आत ऑफिसात स्वतः येऊन भेटले, तर दंड सोडून हप्ते लहान करून देतात. नंतर नाही. हे तिने आपणहून सांगितले. या ओळीखाली आईने पट्टी धरून दोन रेघा मारल्या होत्या.

प्रत्येक ओळीच्या शेवटी, चौथ्या रकान्यात: आई. आई. आई.

दादाला समजत होते की वही मिटली तरी चालेल. पान त्याचे होते, नियमाप्रमाणे कोणी विचारणार नव्हते. भावाने ओझे आधीच उचलले होते, बायकोचा विश्वास बसला होता, उद्या गुपचूप त्या ऑफिसात जाऊन येता आले असते. आईसुद्धा काही बोलली नसती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. टेबलावरचे कप गोळा करत होती.

फोन वाजला.

आई सवयीने वळली आणि तिथेच थांबली, दोन्ही हातांत कप. फोटू उठायला लागला. "बस," दादा म्हणाला, आणि उठून खुर्चीपाशी गेला. बाबा जसे म्हणत तसेच त्याच्या तोंडून आले.

"बांधणीवाले. बोला."

पलीकडे एक मुलगी जराशी गोंधळली. आजी नाहीत का, तिने विचारले.

"आहेत. इथंच आहेत. पण निरोप माझा आहे. ते यंत्र मीच घेतलंय, हप्ते माझेच थकलेत." त्याने एकदा मागे वळून पाहिले. वहिनीने पदर तोंडाशी धरला होता. फोटू जमिनीकडे बघत होता. "माझ्या भावाचा यात काही संबंध नाही. सांगा ताई, उद्या कुठं यायचं?"

मुलीने पत्ता सांगितला, कागदपत्रे सांगितली, आणि आजींना सांगा गुळण्यांनी बरं वाटलं, असेही म्हणाली. दादाने फोन खांद्याशी धरून वही गुडघ्यावर घेतली. आईने कप खाली ठेवले आणि दोरीला बांधलेली पेन्सिल त्याच्या हाताजवळ सरकवली. त्याने सावकाश लिहिले, बाबांनी शिकवले होते तसे, आपल्या पदरचे काही न घालता. कोणाचा, कधी, काय. उद्या बाराच्या आत, हे पुन्हा वाचून दाखवले. गुळण्यांचेही लिहिले. मग फोन ठेवला.

चौथा रकाना राहिला होता. वर आईच्या अक्षरात तेच नाव एकाखाली एक उभे होते. दादाने पेन्सिल क्षणभर हवेत धरली, आणि त्या नावांखाली लिहिले, मी.

"मंगळवार कुठं गेला, ते लिहिलंस का?" फोटूने हळूच विचारले, आणि आधी अक्का हसली.